आज्ञा कोणती आणि मजकूर कोणता?

वर्गात शुद्धलेखन घालताना शिक्षक एकाच आवाजात दोन वेगळ्या प्रकारच्या गोष्टी सांगत असतात. ‘पाऊस थांबला’ हे शब्द मुलांनी वहीत लिहायचे असतात. त्यापाठोपाठ येणारा ‘पूर्णविराम’ हा शब्द मात्र लिहायचा नसतो. तो ऐकून टिंब द्यायचे असते. मध्येच ‘मागच्या बाकावरच्यांनो, बोलू नका’ असेही एक वाक्य येते. तेही कोणी लिहीत नाही. पहिला मजकूर, दुसरी आणि तिसरी आज्ञा. कान एक, आवाज एक, तरी बहुतेक मुले चुकत नाहीत. आवाजाची पट्टी बदलते, शब्दाच्या आधी-नंतर किंचित थांबा येतो, त्यावरून त्यांना कळते. पण उतारा विरामचिन्हांवरचाच असेल तर? ‘वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देतात’ हे वाक्य घालताना शिक्षकांनाही जरा सांभाळूनच बोलावे लागते.

माणसाला जे आवाजाच्या चढउतारावरून कळते, ते यंत्राला कसे कळावे? यंत्राकडे येणारी सगळी अक्षरे एकाच पट्टीत येतात. ज्या बिनतारी मोड्यूलच्या साहाय्याने आज अनेक शाळांत विज्ञान प्रदर्शनाचे प्रकल्प केले जातात, त्यांच्यापुढे हा प्रश्न क्षणोक्षणी उभा असतो. तो कसा सोडवला जातो, आणि सोडवण्यात ढिलाई झाली तर काय होते, हे या लेखात पाहू.

एका बाजूला तार, दुसऱ्या बाजूला हवा

व्हरांड्यात एक तापमापक संवेदक बसवला आहे आणि त्याची नोंद वर्गातल्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर हवी आहे, असे समजा. संवेदकाशेजारी एक छोटा सूक्ष्मनियंत्रक असतो. तो दर मिनिटाला ‘३१.५’ अशी अक्षरे एका तारेवर पाठवतो. ही तार जिथे संपते तिथे बिनतारी मोड्यूल असते. ते तारेवर आलेले प्रत्येक अक्षर रेडिओ लहरींवर चढवते. पलीकडचे मोड्यूल ते उतरवून घेऊन पुन्हा तारेवर ठेवते. दोन्ही टोकांच्या यंत्रांना मध्ये हवा आहे की तार, याचा पत्ताही लागत नाही. म्हणून या अवस्थेला ‘पारदर्शक’ म्हणतात. काचेतून पाहताना काच दिसू नये, तसेच हे.

पण मोड्यूलशीच बोलायचे असेल तर? त्याला नाव द्यायचे आहे, परवलीचा शब्द बदलायचा आहे, कोणत्या वेगाने बोलायचे ते सांगायचे आहे. मोड्यूलला ना कळफलक, ना पडदा. त्याच्याकडे यायची वाट एकच, तीच तार. आणि त्या तारेवरचे प्रत्येक अक्षर पलीकडे पोचवायचे, हेच तर त्याचे काम!

तारेवर अक्षर कसे चालते

पुढचे समजण्यासाठी तारेवरच्या अक्षराची चाल पाहू. तार रिकामी असते तेव्हा तिच्यावरचा दाब ‘उंच’ असतो, म्हणजे १. अक्षर सुरू होताना दाब एका बिटापुरता खाली येतो. हा आरंभाचा बिट, ०. त्यानंतर अक्षराचे ८ बिट एकामागून एक येतात. त्यात सर्वांत कमी किमतीचा बिट आधी. शेवटी समाप्तीचा बिट, १. असे एका अक्षराला १० बिट लागतात. वेग सेकंदाला ९६०० बिट असेल तर सेकंदात ९६० अक्षरे जातात, म्हणजे एका अक्षराला सुमारे १.०४ मिलिसेकंद लागतात.

इथे घड्याळासाठी वेगळी तार नसते, हे लक्षात घ्या. घेणाऱ्याने देणाऱ्याचा वेग आधीच जाणून असायला हवे. देणारा ९६०० ने बोलत असेल आणि घेणारा ३८४०० ने ऐकत असेल, तर देणाऱ्याचा एक बिट घेणाऱ्याला चार बिटांएवढा लांब भासतो आणि ऐकू येतो तो निव्वळ कचरा.

पहिला उपाय: वेगळी खूण, वेगळ्या तारेवर

शालेय प्रकल्पांत सर्वांत जास्त दिसणारे ब्लूटूथ मोड्यूल म्हणजे ‘एचसी-०५’. काही शे रुपयांत मिळणारी ही चिमुकली पट्टी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. तिचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर धरावा.

या मोड्यूलने आपला प्रश्न सरळ मार्गाने सोडवला आहे. त्याच्यावर एक जादा टोक असते. त्याला ‘की’ किंवा ‘इनेबल’ म्हणतात. बहुतेक पट्ट्यांवर या टोकाला जोडलेले छोटे बटणही असते. बटण दाबून धरून वीज दिली की मोड्यूल आज्ञा ऐकण्याच्या अवस्थेत जागे होते. त्याचा दिवा एरवी भराभर लुकलुकतो. आता तो सावकाश, सुमारे दोन सेकंद चालू आणि दोन सेकंद बंद, असा चालतो. आता तारेवर येणारे प्रत्येक अक्षर त्याच्यासाठीच आहे. बटण न दाबता वीज दिली तर प्रत्येक अक्षर पलीकडच्यासाठी आहे. शुद्धलेखन घालताना शिक्षकांनी पट्टी वर केली की आज्ञा, खाली केली की मजकूर, असे ठरवून टाकल्यासारखे हे झाले. गोंधळाला जागाच उरत नाही.

या अवस्थेत वेग ३८४०० असतो. संगणकावरच्या सीरियल खिडकीत तो वेग निवडून ‘एटी’ ही दोन अक्षरे पाठवली की उत्तर येते, ‘ओके’. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टंकायच्या.) हे ‘ओके’ पडद्यावर उमटणे हा कोणत्याही प्रकल्पातला पहिला आनंदाचा क्षण असतो. जोडणी, वेग, अवस्था या तिन्ही गोष्टी बरोबर असल्याशिवाय ते उमटत नाही.

पुढच्या आज्ञाही अशाच वाचता येण्याजोग्या आहेत. ‘एटी+नेम?’ असे विचारले की मोड्यूल आपले नाव सांगते. ‘एटी+नेम=वर्ग९’ असे लिहिले की नाव बदलते; मात्र नाव रोमन अक्षरांत द्यावे. ‘एटी+यूएआरटी=९६००,०,०’ या आज्ञेने मजकुराचा वेग ठरतो; पुढची दोन शून्ये समाप्तीचे बिट आणि समताबिट यांच्याविषयी आहेत. ‘एटी+रोल=१’ म्हटले की मोड्यूल स्वतः दुसऱ्याला शोधून जोडणी करणारे होते; ‘०’ म्हटले की ते कोणीतरी जोडून घेण्याची वाट पाहते. ‘एटी+पीएसडब्ल्यूडी’ या आज्ञेने परवलीचा अंक बदलतो. दुकानातून आलेल्या मोड्यूलचा हा अंक बहुधा १२३४ असतो आणि तो जगजाहीर आहे, म्हणून सर्वप्रथम तो बदलावा. मोड्यूलमधल्या प्रणालीच्या आवृत्त्या वेगवेगळ्या असल्याने काहींत हा अंक अवतरणचिन्हांत द्यावा लागतो.

या रचनेचे बलस्थान असे की, हवेतून आलेल्या अक्षरांकडे मोड्यूल आज्ञा म्हणून पाहतच नाही. पलीकडचा माणूस ‘एटी+नेम=’ कितीही वेळा पाठवो, ती अक्षरे मुकाट्याने तुमच्या तारेवर ठेवली जातात. आज्ञा देण्यासाठी मोड्यूलजवळ येऊन बटणच दाबायला हवे.

‘एटी’ आली कुठून?

या प्रत्येक आज्ञेच्या डोक्यावर बसलेली ‘ए’ आणि ‘टी’ ही अक्षरे ‘अटेन्शन’ या शब्दाची आहेत. कवायतीत ‘सावधान’ म्हणावे तशी. ती ब्लूटूथच्या जन्माआधीची आहेत. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहराजवळ डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी ‘स्मार्टमोडेम’ नावाचा मोडेम बाजारात आणला. संगणकाची अक्षरे दूरध्वनीच्या तारेवर आवाजाच्या रूपात पाठवणे आणि पलीकडे त्यांची पुन्हा अक्षरे करणे, हे मोडेमचे काम. त्याआधी घरच्या संगणकाचा वापर करणाऱ्याला बहुधा हाताने क्रमांक फिरवून, पलीकडची शिट्टी ऐकून, मग मोडेम जोडावा लागे. स्मार्टमोडेमला संगणकच सांगू शकत असे: क्रमांक लाव, फोन उचल, फोन ठेव.

निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांत समान अशी एकच गोष्ट होती, सीरियल जोडणी. तिच्यातल्या जादा तारा सगळ्या संगणकांवर सारख्या वापरता येतील, याची खात्री नव्हती. म्हणून आज्ञाही मजकुराच्याच तारेवरून द्यायच्या असे ठरले. ‘एटीडीटी’ आणि पुढे क्रमांक दिला की मोडेम फोन लावी. ‘एटीएच’ म्हटले की ठेवून देई.

‘ए’ आणि ‘टी’ या जोडीची निवड फार सोयीची ठरली. वर सांगितले की घेणाऱ्याला वेग आधी माहीत असावा लागतो. ‘ए’ चा संकेतांक ६५, म्हणजे द्विमानात ०१०००००१. तारेवर आधी आरंभाचे ० येते आणि लगेच कमी किमतीचा बिट १. म्हणजे दाब बरोबर एका बिटापुरता खाली जाऊन वर येतो. मोडेमने तो काळ मोजला की एका बिटाची लांबी, म्हणजेच वेग, हाती आला! आता समताबिटाचे पाहा. ‘ए’ मध्ये दोन १ आहेत, सम. ‘टी’ चा संकेतांक ८४, द्विमानात ०१०१०१००. त्यात तीन १ आहेत, विषम. सम समता पाळणारा संगणक ‘ए’ ला ० आणि ‘टी’ ला १ जोडील. विषम समता पाळणारा बरोबर उलटे करील. दोन अक्षरांत वेगही कळला आणि समताही. विद्यार्थ्यांना हे संकेतांक फळ्यावर मांडायला सांगावे. शोधाचा आनंद त्यांना स्वतःला मिळेल.

दुसरा उपाय: आधी गप्प राहा, मग खूण करा

फोन लागेपर्यंत ठीक आहे. पलीकडे कोणी नाही, तेव्हा येणारे सर्व मोडेमसाठीच. पण एकदा जोडणी झाली की प्रत्येक अक्षर पलीकडे जायला हवे. मग ‘फोन ठेव’ ही आज्ञा कशी द्यायची?

हेज मोडेममध्ये ओळीने तीन अधिक चिन्हे ‘+++’ ही खूण ठरली. ती आली की मोडेम जोडणी न तोडता आज्ञा ऐकू लागे. पण मजकुरातच ‘+++’ आले तर? हाच लेख कोणी मोडेमवरून पाठवत असेल, तर या परिच्छेदाशी येताच मोडेम पलीकडे पाठवायचे थांबवील आणि पुढचा मजकूर आपल्याला दिलेल्या आज्ञा समजू लागेल.

हेदरिंग्टन यांनी यावर काढलेला तोडगा असा: ‘+++’ च्या आधी निदान एक सेकंद शांतता हवी आणि नंतरही एक सेकंद शांतता हवी, तरच ती खूण. एरवी ती तीन साधी अक्षरे. शिक्षक ‘पूर्णविराम’ म्हणण्याआधी आणि नंतर जसे थांबतात, तसेच. अक्षरांच्या ओघात जी गोष्ट सहसा येत नाही ती म्हणजे शांतता, आणि तिचाच खूण म्हणून उपयोग केला. ९६०० च्या वेगाला एक सेकंदाची शांतता म्हणजे ९६० अक्षरांची रिकामी जागा. सलग धारिका पाठवणारा संगणक एवढा वेळ सहसा थांबत नाही. या युक्तीचे पेटंट १९८५ मध्ये मिळाले.

ही पद्धत आजही जिवंत आहे. ‘एक्सबी’ नावाच्या बिनतारी मोड्यूलमध्ये पारदर्शक अवस्थेत असताना अशीच शांतता पाळून ‘+++’ पाठवतात. उत्तरादाखल ‘ओके’ येते. मग ‘एटीआयडी’ ने जाळ्याचा क्रमांक, ‘एटीडीएल’ ने पलीकडच्याचा पत्ता ठरवता येतो. ‘एटीडब्ल्यूआर’ म्हटल्याशिवाय हे बदल कायमचे साठवले जात नाहीत. वीज गेली की पुसले जातात. सुमारे दहा सेकंद काहीच आज्ञा आली नाही तर मोड्यूल आपोआप मजकुराच्या अवस्थेत परतते. गड चढायला बटण लागत नाही, हा या पद्धतीचा फायदा: मोड्यूल पाण्याच्या टाकीवर बसवलेले असले तरी शेजारचा सूक्ष्मनियंत्रक ते चालू असताना हवे तेव्हा बदलू शकतो.

योगायोग आणि हेतू

शांततेची अट नसती तर काय झाले असते, याचे थोडे गणित करू. मजकुरातला प्रत्येक बाइट २५६ पैकी कोणताही, सारख्याच संभाव्यतेने येतो असे धरा. ओळीने तीन ‘+’ येण्याची संभाव्यता २५६ × २५६ × २५६ मध्ये एक, म्हणजे १,६७,७७,२१६ मध्ये एक. संख्या मोठी वाटते. पण सेकंदाला ९६० अक्षरे जात असतील तर सरासरी १७,४७६ सेकंदांनी, म्हणजे पावणेपाच तासांहून थोड्या अधिक वेळाने, ही खूण आपोआप उमटेल. वेग सेकंदाला १,१५,२०० बिट केला तर अवघ्या २४ मिनिटांनी!

आता पुढचा भाग पाहा. पेटंटधारकाला शुल्क द्यायला नको म्हणून काही उत्पादकांनी शांततेची अट वगळली. त्याऐवजी ‘+++’ च्या पाठोपाठ ‘एटी’ आणि एखादी वैध आज्ञा आलीच पाहिजे, अशी अट घातली. योगायोगाचे गणित त्यांच्या बाजूचे होते. ‘+++एटी’ हे पाच बाइट. २५६ चा पाचवा घात सुमारे १,१०,००० कोटी भरतो. ९६०० च्या वेगाने अहोरात्र पाठवत राहिले तरी हे पाच बाइट ओळीने येण्यासाठी सरासरी ३६ वर्षे लागतील. मग चिंता कसली?

चिंता ही की, मजकूर नेहमी योगायोगाने बनत नाही. तो माणसे बनवतात.

भारतात १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढची काही वर्षे आपल्याकडे आणि जगभर घरोघरचे इंटरनेट दूरध्वनीच्या तारेवर आणि मोडेमवर चालत असे. १९९८ च्या सुमारास काही खोडसाळ लोकांच्या ध्यानात एक गोष्ट आली. इंटरनेटवर एक संगणक दुसऱ्याला ‘आहेस का?’ असे विचारणारे छोटे पाकीट पाठवू शकतो. ते मिळाले की दुसरा संगणक त्यातला मजकूर जसाच्या तसा परत पाठवतो. प्रतिध्वनीसारखा. आता त्या पाकिटात ‘+++एटीएच०’ असा मजकूर भरला तर?

इथे विद्यार्थ्यांना थांबवून एक प्रश्न विचारावा. मोडेम दूरध्वनीच्या तारेवरून आलेल्या अक्षरांत आज्ञा शोधतच नाही. तो फक्त आपल्या संगणकाकडून येणाऱ्या अक्षरांत शोधतो. मग दूरच्या माणसाला तुमचा फोन कसा बंद करता आला?

उत्तर ‘परत पाठवतो’ या शब्दांत आहे. पाकीट आत येताना मोडेमने काहीच केले नाही. पण संगणकाने भोळेपणाने तोच मजकूर उत्तर म्हणून परत पाठवला, तेव्हा तो स्वतःच्याच मोडेममधून बाहेर निघाला. मोडेमला वाटले, आपला धनी सांगतो आहे, फोन ठेव. त्याने ठेवला. दूरच्या माणसाने मोडेमला हुकूम दिला नाही. धन्याच्या तोंडून तो वदवून घेतला. ज्या मोडेममध्ये शांततेची अट होती ते मात्र या खोडीला बळी पडले नाहीत. पाकिटाच्या पुढे पत्त्याचे बाइट असतात, ते आणि मजकूर एका दमात जातात. मध्ये एक सेकंद थांबायला वाव नसतो.

यातून घ्यायचा धडा मोडेमपुरता नाही. योगायोगापासून वाचण्यासाठी संभाव्यतेचे गणित पुरते. हेतूपासून वाचण्यासाठी ते पुरत नाही. मजकूर आणि आज्ञा एका वाटेने जातात तिथे तिथे हा धोका आहे. संकेतस्थळावरच्या नावाच्या चौकटीत नावाऐवजी आज्ञा लिहून माहितीसाठे लुटले गेले, त्याचे मूळ हेच. हल्लीच्या, माणसाशी गप्पा मारणाऱ्या संगणक प्रणालींना एखादे पत्र वाचायला दिले आणि त्या पत्रातच ‘आधीच्या सूचना विसर’ असे लिहिलेले असले, तर तिथेही मजकूर कोणता आणि आज्ञा कोणती हाच प्रश्न उभा राहतो.

तिसरा उपाय: पाकिटात घाला

भ्रमणध्वनीच्या जाळ्यावर चालणारी मोड्यूल्सही ‘एटी’ चीच भाषा बोलतात. रात्री-अपरात्री वीज येते म्हणून शेतकरी विहिरीवरचा पंप घरबसल्या मोबाइलवरून सुरू करतात. अशा यंत्राच्या पेटीत बहुधा असेच मोड्यूल असते. लघुसंदेश पाठवताना सूक्ष्मनियंत्रक त्याला ‘एटी+सीएमजीएस=’ आणि पुढे क्रमांक देतो. मोड्यूल ‘>’ हे चिन्ह दाखवते: आता मजकूर सांगा. त्यानंतरचे सर्व मजकूर, २६ या संकेतांकाचे अक्षर येईपर्यंत. ते आले की संदेश संपला. त्यामुळे साध्या लेखी संदेशात २६ वा संकेतांक स्वतः वापरता येत नाही.

यापेक्षा नेटकी रीत म्हणजे प्रत्येक गोष्ट पाकिटात घालून देणे. एक्सबी मोड्यूलमध्ये पारदर्शक अवस्थेऐवजी ही अवस्थाही निवडता येते. पाकीट १२६ या बाइटाने सुरू होते. मग आतल्या बाइटांची संख्या, मग प्रकार (ही आज्ञा आहे की पाठवायचा मजकूर), मग आतला ऐवज आणि शेवटी पडताळ्याचा बाइट. आत ‘+++’ असो वा ‘एटीएच’, प्रकार ‘मजकूर’ असेल तर मोड्यूल त्याचा अर्थ लावायला जात नाही.

पण मजकुरातच १२६ आला तर नवे पाकीट सुरू झाले असे वाटेल. त्यासाठी सोय अशी की, आतल्या १२६ च्या जागी १२५ आणि ९४ असे दोन बाइट पाठवायचे. आणि मजकुरात मुळातच १२५ असेल तर? त्याच्या जागी १२५ आणि ९३. घेणाऱ्याने १२५ दिसला की तो टाकून द्यायचा आणि पुढच्यात ३२ मिळवायचे. ९४ चे १२६ झाले, ९३ चे १२५. एका खुणेला वाचवायला दुसरी खूण, आणि त्या दुसरीलाही तिनेच वाचवायचे. यात कोणताही मजकूर वर्ज्य राहत नाही आणि शांततेसाठी थांबावेही लागत नाही.

मोड्यूल गप्प का?

शिक्षकांच्या कार्यशाळांत आम्हांला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हा. बहुतेक वेळा मोड्यूल बिघडलेले नसते. पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. तारा. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाला लागले पाहिजे. संगणकाचे पाठवण्याचे टोक मोड्यूलच्या घेण्याच्या टोकाला, आणि उलट. दोघांची जमीन, म्हणजे ऋण टोक, एकच असावे.

२. दाब. एचसी-०५ ची टोके ३.३ व्होल्टची आहेत. सूक्ष्मनियंत्रक ५ व्होल्टचा असेल तर मोड्यूलच्या घेण्याच्या टोकाआधी १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रोध लावून दाब विभागावा. २ किलोओहमवर ५ × २/३, म्हणजे सुमारे ३.३ व्होल्ट मिळतात.

३. वेग. एचसी-०५ मध्ये बटण दाबून वीज दिल्यावर ३८४००. मजकुराच्या अवस्थेत बहुधा ९६००.

४. ओळीचा शेवट. मोड्यूलला ‘आज्ञा संपली’ हे कळावे म्हणून एचसी-०५ ला आज्ञेनंतर १३ आणि १० हे दोन संकेतांक लागतात. जुन्या दूरटंकयंत्रात १३ ने गाडा डावीकडे परतायचा आणि १० ने कागद एक ओळ वर सरकायचा. सीरियल खिडकीत ही दोन्ही पाठवण्याचा पर्याय निवडावा. एक्सबीच्या ‘+++’ नंतर मात्र यांपैकी काहीही पाठवू नये. सवयीने एंटर दाबला की नंतरची शांतता मोडते, आणि खूण खूण राहत नाही.

५. समोरचे यंत्र. एचसी-०५ जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर सीरियल जोडणी करते. अँड्रॉइड भ्रमणध्वनीला ते जोडता येते. आयफोनला तशी थेट जोडणी करता येत नाही.

करून पाहा

ज्या शाळेत मोड्यूल नाही तिथेही या विषयाचा गाभा वर्गात खेळून पाहता येतो. एक विद्यार्थी संगणक, दुसरा मोडेम, तिसरा पलीकडचा. संगणकाने एकेक अक्षर चिठ्ठीवर लिहून मोडेमला द्यावे. मोडेमने ते पलीकडे पोचवावे. ‘+++’ आले की मोडेमने पोचवणे थांबवून आज्ञा ऐकायची, असा नियम ठेवा. मग पलीकडच्याला सांगा, ‘मोडेमला थांबवून दाखव, पण मोडेमशी थेट बोलायचे नाही.’ संगणकाला मात्र ‘जे येईल ते परत पाठव’ एवढाच नियम द्या. मुले थोड्या वेळात युक्ती शोधून काढतील. त्यानंतर त्यांनाच नवा नियम करायला सांगावा, ज्याने ही खोडी चालणार नाही आणि तरीही कोणतेही अक्षर पाठवायला बंदी नसेल. काही गट शांतता शोधतील, काही वेगळ्या रंगाची चिठ्ठी म्हणजे वेगळी तार शोधतील, काही पाकीट शोधतील. प्रत्येक गटाचा नियम दुसऱ्या गटाला मोडून पाहू द्यावा.